गाळलेली ओळ

चैत्र लागला की आमच्या गावचा आड आटायचा. पोहरा तळाला खडखडायचा आणि वर येताना चिखल घेऊन यायचा. मग बायका घागरी घेऊन दुधनेकडं वळायच्या. नदीही कोरडीच असायची, पण कोरड्या वाळूखाली ओल असते. कमरेएवढं खोदलं की वाळू काळसर लागते, आणखी हातभर खोदलं की तळाला पाणी जमायला लागतं. त्या खड्ड्याला आम्ही झिरा म्हणत असू. कडेची वाळू ढासळू नये म्हणून तुराट्या विणून त्यांचा गोल कूड आत बसवायचा. वैशाखापर्यंत झिरा इतका खोल जाई की बाईला आत उतरूनच पाणी भरावं लागे. पाण्यात पाय ठेवून उकिडवं बसायचं, करवंटीनं पाणी घागरीत ओतायचं, करवंटी तळाला घासली की थांबायचं. पाणी आपल्या मर्जीनं येई. घाई केली की वाळू वर येई.

पण ते पाणी गोड होतं. घागरीत ठेवलं की दुसऱ्या दिवशीसुद्धा तळाशी काही बसत नसे.

आमच्या आळीत पाच घरांत मिळून एक झिरा होता. माणसांच्या पोटात जाणारं सगळं पाणी त्या एका खड्ड्यातून यायचं, पिण्याचं, भाकरीच्या पिठाचं आणि वरणाचंही. धुणं आणि जनावरं यांच्यासाठी गावाबाहेर जुनी दगडी बारव होती. तिला पायऱ्या होत्या. पाणी हिरवं होतं, पण भरपूर होतं. अगदीच नड असली तरच कुणी ते पिई.

मी लग्न होऊन त्या गावात आले ती रझाकारांची धामधूम मिटल्यावर दोन वर्षांनी. माझं माहेर पाथरीचं. वडिलांनी मला चौथीपर्यंत शिकवलं होतं, आणि सासरी मला त्याचीच लाज वाटायची, कारण आळीत दुसऱ्या कुठल्याच बाईला अक्षर येत नव्हतं. बायका मला ‘मास्तरीणबाई’ म्हणून चिडवत. मी मुळातच अबोल. चारचौघींत कुणी नाव घ्यायला सांगितलं तरी मी पदर पुढं ओढून आत निघून जायची. आतासुद्धा मी हे घरात कुणी नसताना लिहिते आणि गादीखाली ठेवते.

झिऱ्यावर नंबर चुंबळीनं लागत असे. डोक्यावर घागरीखाली ठेवायची ती कापडाची गुंडाळी. ज्या बाईला थांबायला वेळ नसे ती सकाळीच येऊन आपली चुंबळ रांगेत ठेवून जाई आणि नंतर घागर घेऊन येई. चुंबळ आहे म्हणजे बाई उभी आहे असं धरायचे. ती हलवायची नाही, हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या घराला लागून एक मावशी राहायची. नात्यानं मावशी नव्हे, मी तिला तसं म्हणायची. तिचा नवरा वारला होता. सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. जमीन नव्हती. उन्हाळ्यात ती लोकांच्या रानातली ज्वारीची धसकटं वेचायला जायची, पावसाळ्यात खुरपायला. कामाला जायच्या आधी ती चुंबळ ठेवून जायची आणि दुपारी येऊन पाणी भरायची. तिची चुंबळ लाल लुगड्याच्या धडप्याची होती.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वैशाखात सासूबाईंच्या माहेरची माणसं यायची होती. मी सकाळची घागर आणून ठेवली तेव्हा त्या म्हणाल्या, “आजून दोन आण. दुपारच्या आत आण. माझ्या भावाला काय बारवंचं पाणी पाजू व्हय?”

मी परत झिऱ्यावर गेले. एक बाई घागर भरून निघाली होती. तिच्यानंतर नंबर लाल चुंबळीचा होता, आणि दुपार जवळ आली होती. खाली पाहिलं तर करवंटीभर पाणी होतं. दोन घागरी भरायच्या म्हणजे झिरा संध्याकाळपर्यंत पुन्हा भरणार नाही, हे मला कळत होतं. ती बाई चढण चढून दिसेनाशी झाली. मी लाल चुंबळ उचलली, रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली, आणि आत उतरले.

सासूबाईंना ‘पाणी मिळालं नाही’ म्हणायची मला भीती वाटली. आणि मावशीला ‘आज आमच्याकडं पाहुणे हायेत, तुमचा नंबर मला द्या’ असं विचारायची लाज वाटली. विचारलं असतं तर तिनं दिला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

माझी दुसरी घागर भरत आली तेव्हा ती आली. तोवर आणखी तिघी येऊन बसल्या होत्या.

“आगं, माझी चुंबळ कुणी हालवली?”

मी झिऱ्यात होते, मी वर पाहिलंच नाही.

“कुत्र्यानं वढली असंल,” एक जण म्हणाली.

“कुत्र्यानं? वढून शेवटाला नीट ठिवली? लय शाणं कुत्रं हाय की गावचं. शाळंत घाला त्याला!”

बायका खळखळून हसल्या. मीही पदर तोंडावर घेऊन हसले. ते हसणं मला चुंबळ हलवण्यापेक्षा जास्त टोचतं.

मावशीनं झिऱ्यात डोकावलं. तळाला चिखल होता. “ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली, “माझा नंबर कुत्री लावायला लागली, आता म्या न्हाई येत.” ती घागर घेऊन बारवेकडं गेली. मला वाटलं दोन दिवसांत राग जाईल. पण ती मानी बाई होती. पाऊस पडून आडाला पाणी येईपर्यंत त्या मायलेकी बारवेचंच पाणी प्यायल्या. रांगेतलं एक घर कमी झालं आणि सगळ्यांना घागर लवकर मिळायला लागली. मलाही.

पुढच्या उन्हाळ्यात मावशीची मुलगी थोडी मोठी झाली होती. ती चुंबळीजवळ स्वतः बसून राहायची. कुणी जवळ गेलं की म्हणायची, “माझ्या मायचा नंबर हाय, मी कुत्रं हाकलायला बसलेय.” बायका पुन्हा हसायच्या. त्या साली मावशीनं बारवेच्या पाण्याला हात लावला नाही.

आणि त्याच वैशाखात तिच्या पायाला नारू झाला.

आता नारू कुणाला ठाऊक नाही, चांगलंच आहे. आधी घोट्याच्या वर फोड आला. आग व्हायला लागली, निखारा ठेवल्यासारखी. फोड फुटला आणि आत पांढऱ्या दोऱ्यासारखं काही दिसलं. तो दोरा जिवंत असतो. त्याचं टोक बारीक काडीला बांधायचं आणि रोज बोटभर गुंडाळायचं, जास्त नाही. ओढला तर आत तुटतो, आणि तुटला की पाय सुजून माणूस महिनोन् महिने उठत नाही. हातभर लांब असतो तो. पुरता निघायला पंधरा दिवस, महिना, कधी त्याहून जास्त लागतात.

धसकटं वेचायचे दिवस होते. मावशी घरात बसून राहिली. काम केलं त्या दिवशीची ज्वारी मिळायची, काम नाही तर ज्वारी नाही. सासूबाई माझ्या हातून भाकरी पाठवायच्या. मी भाकरी तिच्यापुढं ठेवायची आणि तिच्या पायाकडं न बघता परत यायची.

“पोखर्णीला जायचं राह्यलं गं माझं,” ती म्हणायची. “नवस केलता लेकीच्या दुखण्यात. देव इसरत न्हाई. पाय धरून ठिवला बघ त्यानं.”

मला ते खरं वाटायचं. भाकरी देऊन मी निघायची तेव्हा थोडं बरंही वाटायचं.

मग एक दिवस पाथरीहून सायकलवर देवी टोचणारा माणूस आला. नव्या सरकारचा होता. चावडीवर तो पुरुषांशी काही बोलला, भिंतीला एक छापील कागद चिकटवला आणि दोन-चार कागद वाटून गेला. त्यातला एक सासूबाईंच्या हाती लागला. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर त्यांनी आळीतल्या बायका आमच्या ओसरीवर जमवल्या आणि कागद माझ्या हातात दिला.

“वाच. चार वर्सं शिकलीस ना?”

मावशीही आली होती, मुलीच्या खांद्यावर हात टेकून. काडी लावलेला पाय तिनं पुढं पसरला.

शाळेत गुरुजींनी आम्हाला एक सवय लावली होती. तोंडानं एक ओळ वाचताना डोळ्यांनी पुढची बघून ठेवायची, म्हणजे अडखळत नाही. मी वाचायला लागले. नारू हा देवाचा कोप नव्हे. नारूचे बारीक जंतू पिण्याच्या पाण्यातून पोटात जातात. हे तोंडानं म्हणत असताना डोळ्यांनी मी पुढची ओळ बघितली. त्यात होतं, त्यानंतर सुमारे एक वर्षाने नारू अंगातून बाहेर पडतो. नारू झालेल्याने पाण्यात पाय बुडवू नये.

एक वर्षाने. मी मनातल्या मनात महिने मोजले. मोजायची गरज नव्हती. हाच वैशाख, मागच्या सालचा.

माझी जीभ थांबली.

“अडली मास्तरीण!” कुणी तरी म्हणालं.

मी ती ओळ सोडली आणि तिच्या खालची वाचली, ज्या पाण्यात माणसे उतरतात ते पाणी फडक्याने गाळून प्यावे. कागद घडी करून मी मांडीवर ठेवला. कुणाला काही कळलं नाही.

मला वाटलं, एका ओळीनं काय होतं. पाणी गाळून प्या, एवढं कळलं की झालं.

पण बायका आपापसांत बोलायला लागल्या.

“ज्या पाण्यात माणसं उतरतात म्हंजी कोणतं गं?”

“झिरा की. पाय बुडवूनच बसतो आपुन त्यात.”

“बारवंतबी उतरतोच.”

“बारवंत पायरीवर उभं राहून भरता येतं. झिऱ्यात तर पाण्यातच बसाया लागतं.”

मग मावशी बोलली. “मी सांगते. गेल्या साली सगळा उन्हाळा बारवंचं पाणी पेले, मला काय झालं न्हाई. ह्या साली झिऱ्याचं पेले, आन हे बघा.” तिनं पायाकडं बोट केलं. “झिऱ्यातच हाय ते.”

ती अडाणी होती, पण तिच्या बोलण्यात काही चूक नव्हती. तिच्यापुढं जेवढं ठेवलं होतं तेवढ्यावरून कुणीही हेच म्हटलं असतं.

“सूनबाई, कागदात झिऱ्याचं नाव हाय का?” सासूबाईंनी विचारलं.

“न्हाई.”

“आन बारवंचं?”

“न्हाई.” दोन्ही खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आळी बारवेवर जायला लागली. कागदाचा अर्थ सगळ्यांनी ‘झिरा सोडा’ एवढाच घेतला. गाळायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, आणि बारवेला रांग नव्हती, वाट बघणं नव्हतं, त्यामुळं सगळ्या खूश होत्या. आमच्या घरचं पाणी मात्र मी जुन्या धोतराचं फडकं दुहेरी करून गाळत होते. “कशाला गं?” सासूबाई म्हणाल्या. “शेवाळ येतंय,” मी म्हणाले. आपल्या घरापुरतं मी गाळत होते आणि शेजारी लोक तसंच पीत होते. चार दिवस मी हे केलं. रोज घागर घेऊन निघताना ठरवायची की आज सांगायचं. बारवेवर चौघी दिसल्या की घागर भरून तशीच परत यायची.

पाचव्या दिवशी सकाळी उशिरा गेले तर बारवेवर मायलेकीच होत्या. मावशी पाण्याजवळच्या पायरीवर बसली होती आणि काडी लावलेला पाय तिनं घोट्यापर्यंत पाण्यात सोडला होता. डोळे मिटले होते. पाण्यात पाय गेला की ती आग थांबते, हे मला नंतर कळलं. शेजारच्या पायरीवर मुलगी कळशी बुडवत होती. कळशी भरली, मग ती ओंजळीनं पाणी प्यायली.

“पाय काढा, मावशी,” मी म्हणाले.

“काय झालं? साप हाय काय?”

“पाय काढा. कागदात लिवलंय. नारूचा पाय पाण्यात घालू नये.”

तिनं पाय काढला. “मग सांगितलं न्हाईस त्या दिवशी?”

“एक ओळ म्या वाचलीच न्हाई.”

“का? अक्षर लागलं न्हाई?”

“लागलं.” मी वरच्या पायरीवर बसले. “त्यात लिवलं होतं, पाणी पोटात गेल्यावर वर्सानं नारू बाहेर येतो.”

तिचे ओठ हलत होते, महिने मोजत होती. मग ती म्हणाली, “म्हंजी बारवंचंच. गेल्या सालचं.” आणि माझ्याकडं वळून, “ते कुत्रं...”

“कुत्रं न्हवतं,” मी म्हणाले.

तिला कळायला वेळ लागला नाही. मला वाटलं ती रडेल. ती उठली, एका पायावर, भिंतीला धरून. मुलीच्या हातातली कळशी तिनं हिसकावली आणि सगळं पाणी पायऱ्यांवर ओतून दिलं.

“लाज वाटती, लाज वाटती, म्हणून तोंड उघडत न्हाईस,” ती म्हणाली. “तुझी लाज माझ्या पायातून निघायलीय, बघ! बघ की इकडं! रोज भाकरी आणतीस आन पायाकडं बघत न्हाईस, मी म्हणते पोर भित्री हाय!”

मी पाहिलं. काडीवर दोऱ्याचे वेढे बसले होते.

“चल,” ती म्हणाली. “समद्यांपुढं वाच.”

मी कागद वाचला. त्याच दिवशी, आमच्याच ओसरीवर, पूर्ण. बायकांनी विचारलं, आधी का नाही वाचलं? मी कागदाची घडी घालत राहिले. मावशीच म्हणाली, “पाणी गाळायचं सोडून मास्तरणीनं वळच गाळली!” सगळ्या हसल्या आणि ते तसंच गेलं. चुंबळीचं ती कुणाला बोलली नाही. का बोलली नाही हे मी तिला कधी विचारलं नाही. मी पुढं होऊन सांगितलंही नाही.

झिरा पाच दिवसांत ढासळला होता. पुरुषांनी तो पुन्हा खोदला, तुराट्यांचा नवा कूड बसवला. बायका परत नंबर लावायला लागल्या. मावशीच्या पायातला नारू ज्येष्ठात पूर्ण निघाला आणि खुरपणीपर्यंत ती चालायला लागली. पण पाच दिवसांचं ते पाणी आळीच्या पोटात गेलं होतं, आणि ते एक वर्ष कळणार नव्हतं.

ते वर्ष मी लोकांचे पाय बघत काढलं. कुणी पाय खाजवला तरी मी हातातलं काम टाकून बघत राहायची. पंगतीत वाढताना मी पात्राकडं न बघता मांडी घातलेल्या पायांकडं बघायची. दिवाळी झाली, संक्रांत झाली. मला कुणाशी बोलता येत नव्हतं, कारण काय बघतेस असं विचारलं तर काय सांगणार.

वैशाखात आमच्या आळीत तिघांना नारू झाला. दोघांचा नीट निघाला. तिसरी मावशीची मुलगी. तिचा नारू गुडघ्याच्या मागं निघाला.

मी रोज सकाळी त्यांच्या घरी जायची. काडी मीच फिरवायची, कारण मुलगी आईला हात लावू देत नव्हती, आईच्या हाताला घाई होती. मावशी माझ्याशी बोलायची नाही. मी आले की चुलीपाशी जाऊन बसायची. मुलगी मात्र बोलायची. “आत्ता किती राह्यला?” विचारायची. मी म्हणायची, थोडाच. मला काय माहीत किती राहिला होता. विसाव्या-एकविसाव्या दिवशी तिनं ठणक्यानं पाय झटकला आणि दोरा आतच तुटला. गुडघा दोन महिने सुजलेला होता. सूज उतरली, पण पाय सरळ झाला नाही. ती उजव्या पायाची टाच वर धरून चालायला लागली.

पाच-सहा वर्षांनी तिला बघायला बोरीकडची माणसं आली. मावशीच्या घरात जागा नव्हती म्हणून बैठक आमच्याच ओसरीवर झाली. मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि टाच सगळ्यांना दिसली.

“हे जन्माचं हाय का?” मुलाच्या आत्यानं विचारलं. जन्माचं असलं तर पुढं लेकरांतही येतं, असं लोक धरायचे.

“न्हाई वो. नारू झालता,” मावशी म्हणाली.

“नारूनं असं हुतं व्हय?” आत्याला पटलं नव्हतं. ती उठायच्या बेतात होती. मुलाचा बाप टोपी हातात घेऊन बसला होता.

मी दाराआड होते. मी बाहेर आले. परक्या माणसांपुढं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. “नारूच झालता,” मी म्हणाले. “काडी रोज मी फिरवत हुते. माझ्यासमोर तुटला. जन्माला आली तवा पाय चांगला हुता, सगळी आळी सांगंल.”

आत्या पुन्हा खाली बसली. माझ्याकडं नीट बघून म्हणाली, “तुमी कोण हिच्या?”

“शेजारीण.”

“रोज येऊन काडी फिरवायच्या? अशी शेजारीण मिळाया नशीब लागतंय बाई. सख्खी बी करत न्हाई येवढं.”

मुलाच्या बापानं मान डोलावली. सासूबाईंना बरं वाटलं. त्या म्हणाल्या, आमची सूनबाई लय मायाळू हाय, बोलत न्हाई इतकंच.

मी मावशीकडं पाहिलं. ती एका शब्दानं ते कौतुक मोडू शकली असती, आणि मोडलं असतं तर माझ्या शब्दावर टिकलेली सोयरीकही मोडली असती. तिनं मुलीच्या हातातला तांब्या घेतला, पाहुण्यांना पाणी दिलं आणि शेवटचं भांडं माझ्यापुढं धरलं. मला तहान नव्हती. पण सगळे बघत होते, म्हणून मी ते प्यायले.